सही केली रे

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही, घाल शिव्या. तब्येत बरी, शुगर आहे तिथंच आहे.

एक सही करून बसलोय. इथल्या एका पुढाऱ्याचं आत्मचरित्र लिहून देतोय. नाव त्याचं, शब्द माझे, आणि कुठं बोलायचं नाही, असं स्टॅम्पपेपरवर. मळ्यात भरीत पार्टीला बोलावलं होतं. पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती अन् तो स्वतः माझ्या ताटात कळण्याची भाकरी वाढत होता. सैतान इतका आग्रह करतो हे कुणीच कसं लिहून ठेवलं नाही, भो?

अमळनेरला फाउस्टवरून, सैतानाला आत्मा विकणाऱ्या त्या नाटकांतल्या पंडितावरून, आपण दोन दिवस बोलत नव्हतो, आठवतं? मी इंग्रज मार्लोवाला: रक्ताने सही, चोवीस वर्षांची मुदत, मग उचलून न्यायचं. सरळ सावकारी. तू जर्मन गटेवाला: हा सौदा नाही, पैज आहे, एखाद्या क्षणाला ‘थांब, किती सुंदर आहेस’ म्हणालास की हरलास. मी तुला कवडा म्हणालो होतो.

परवा त्या अमेरिकन बेनेची 1936 सालची सैतानाची गोष्ट पुन्हा वाचली. न्यू हॅम्पशरचा शेतकरी, फाळ दगडावर मोडलेला, घोडा खोकतोय, पोरांना गोवर. वैतागून म्हणतो, दोन सेंटांत आत्मा विकीन. बापू तर कापूस लाल पडला की रोज म्हणतात, येत कुणी नाही! त्या शेतकऱ्याला निदान वेबस्टरसारखा वकील मिळाला, भुतांच्या ज्युरीपुढून सोडवून आणणारा.

माझं दुखणं टॉमस मानच्या 1947 च्या फाउस्ट-कादंबरीतल्या संगीतकाराचं आहे. त्याला प्रतिभा मिळते. अट एवढीच, प्रेम करायचं नाही. पैशाचं काही वाटत नाही, त्यात स्लॅब पडला. पण लिखाण धावतंय रे! माझी कादंबरी अकरा वर्षं साठाव्या पानावर, अन् ह्याच्या आईचं मरण एका रात्रीत लिहून झालं. शेवटी शेवटी ती चादरीवरून कापूस वेचायची, बोटांनी, काहीच नसताना. तू होतास ना तेव्हा दवाखान्यात. कुणाची आई ती, तुला सांगायला नको.

त्याने वाचलं, डोळे पुसले, म्हणाला, ‘सर, अस्संच झालं होतं.’

अन् मला, खरं सांगतो, त्या क्षणी फार बरं वाटलं. तुझा गटे आठवला तो नंतर, घरी येताना.

वहिनींचं गुडघ्याचं काय झालं? पोरीची बदली झाली म्हणे, छान. आखाजीला ये. उरलेले पैसे तेव्हाच मिळायचेत, आणि ते पान परत मागावं की नाही हे मला एकट्याला ठरवता येत नाहीये.

तुझा,
नान्या