कोठीतलं गाठोडं देऊ नकोस

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, कोठीतलं गोधड्यांचं गाठोडं बोहारणीला देऊन टाकते, दोन पातेली तरी येतील. देऊ नकोस. फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायलेय.

त्यात तीन गोधड्या अर्धवट आहेत. आज्जीची वाकळ, वरून हिरवं इरकली लुगडं आणि आत आजोबांची धोतरं. तिचा फक्त मधला चौकोन राहिलाय. दुसरं तू शिवायला घेतलेलं दुपटं. ज्याच्यासाठी घेतलंस तो यंदा दहावीला आहे, पण घरात पुढं बाळं येतीलच. ही दोन्ही मी सुट्टीत पुरी करीन.

तिसरी भूकंपानंतरची. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट गेली आणि आपण पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो, तिथं तू आणि आज्जीनं मदतीच्या कपड्यांतून ती शिवायला घेतली होती. टेरिकॉटच्या पँटी, कुठल्यातरी शाळेचा निळा गणवेश, एक फुलाफुलांचा पडदा. नव्या घरात आल्यावर ती कुणी हातात धरली नाही. मागच्या खेपेला मी ती उलगडून बघितली. काठाकडचे टाके लांब लांब, वाकडे. आत येईल तशी ओळ सरळ होत जाते आणि मग तुझा नेहमीचा बारीक धावदोरा ओळखू येतो. तू म्हणालीस, ते काठाकडचे उसव आणि नीट घाल. आई, मला ते उसवायचे नाहीत. त्या दिवसांत, जेव्हा गावात कुणाचं कशातच मन नव्हतं, तेव्हा तुम्ही दोघी सुई घेऊन बसलात, हे मला दुसरं कोण सांगणार? दोरा कुजलाय तिथं मी जुन्याला लागूनच नवा घालीन. टेरिकॉट घाम टिपत नाही, अंगाला चिकटतं, म्हणून खालून तुझं धुऊन मऊ झालेलं सुती पातळ लावीन. वरची बाजू आहे तशीच राहील.

मी इथं संभाजीनगरला नवीनही बरंच शिकायलेय. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची ठिगळांची गोधडी, शिवतात. त्याही तुझ्यासारख्याच काठापासून आत आत येतात. ठिगळं आधी जोडून घेत नाहीत. एकेक तुकडा कडा दुमडून ठेवायचा आणि खालच्या थरांसकट धावदोऱ्यानं पक्का करत पुढं जायचं. चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणांची फुलं लावतात, ती नसली तर गोधडी उघडी मानतात. मला हे फार आवडलं. बंगालच्या कांथ्यासाठी, म्हणजे तिकडच्या गोधडीसाठी, बायका पूर्वी जुन्या साडीच्या काठातूनच रंगीत दोरे ओढून घ्यायच्या, तेही करून बघणार आहे. मधे कापूस भरायचा असेल तर मात्र आपली रीत चालत नाही. तिथं मधून सुरू करून बाहेर यावं लागतं, नाहीतर फुगवटा मधेच अडकतो.

जपानची साशिको, म्हणजे धावदोऱ्याची नक्षी, शिकताना तुझी फार आठवण आली. गडद निळ्या कापडावर पांढरा जाड दोरा, टाका तांदळाच्या दाण्याएवढा, वरचा थोडा मोठा, खालचा लहान. ओळ वळवताना पाठीमागं दोरा किंचित सैल सोडायचा, म्हणजे कापड आवळत नाही. तूही कोपऱ्यावर दोरा कधी ओढत नाहीस. पण साशिकोची नक्षी मी आज्जीच्या लुगड्यावर घालणार नाही. नव्या रीती नव्या कापडावर. जुन्या तिन्ही तुमच्याच हाताच्या रीतीनं पुऱ्या व्हायला हव्यात.

बाबा, तुमच्यासाठी काम आहे. षट्कोनी तुकड्यांची एक गोधडी असते. प्रत्येक तुकडा जाड कागदावर दुमडून कच्चा टाका घालतात, मग कडेला कड जोडत जातात आणि शेवटी कागद काढून घेतात. तुमच्या कपाटातल्या लग्नपत्रिका त्याला अगदी चांगल्या, जाड आणि ताठ. कंपास तुमच्याकडं आहेच. वर्तुळाची त्रिज्या तीच आतल्या षट्कोनाची बाजू, हे तुम्हीच मला शिकवलंत. बाजू ३ सेंटीमीटरची धरा. सगळे अगदी सारखे लागतात, केसभर फरक पडला तरी पुढं जोड बसत नाही, म्हणून हे काम मी तुमच्याशिवाय कुणाला सांगणार नाही. नवराबायकोची नावं असलेला भाग कापायला जीव होत नसेल तर तो बाजूला ठेवा.

आई, गाठोडं एक दिवस उन्हात टाक. नवीन मांजरपाट आणलंस तर आधी गरम पाण्यातून काढ, नाहीतर धुतल्यावर ते आटतं आणि जुन्या कापडाला चुण्या पडतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तेव्हा सुई ओवायला बसू नकोस. सुया मी ओवून देईन, मधला चौकोन कसा मिटवायचा ते तू सांग. आज्जीची ती रीत मला येत नाही. आधी आज्जीचीच वाकळ घेऊ. गोधडीचा दोरा मी लातुरातून घेऊन येते.

तुमची,
ताई