षष्ठी विभक्तीतलं नाव

प्रिय सखी,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. उभ्या उभ्याच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. मार्गारेट अ‍ॅटवूडचं 'द हँडमेड्स टेल', बायकांना मुलं जन्माला घालायच्या दासी करून ठेवणाऱ्या एका कल्पित राज्याची गोष्ट, तू निम्म्याच्याही आधी मिटून ठेवलंस आणि मला विचारलंस, बाईला कोंडलं, मारलं, नासवलं, हे कळायला कादंबरी कशाला लागते? आणि यात बाईची ताकद कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. मला रात्रभर पुरला.

तू कुठल्या पानावर थांबलीस ते मला ठाऊक आहे. मीही पहिल्यांदा तिथेच थांबले होते. मालकिणीच्या मांडीशी डोकं ठेवून पडलेली ती दासी, आणि खोलीत कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नाही. पोटात ढवळून येतं, खरं आहे. पण पुस्तकाचा जीव त्या खोलीत नाही गं. तो पुढे आहे, एका साध्या दुकानात.

नायिकेला दासी होण्याआधीचा एक दिवस आठवतो. ती नेहमीसारखी सिगारेट घ्यायला जाते. गल्ल्यावर रोजची बाई नाही, कोणी अनोळखी तरुण आहे. तो तिचा नंबर मशीनमध्ये घालतो आणि म्हणतो, चालत नाही. ती म्हणते, असं कसं होईल, खात्यात पैसे आहेत, दोनच दिवसांपूर्वी स्टेटमेंट आलंय. तो पुन्हा दाबतो. चालत नाही. दुपारी ती काम करते त्या ग्रंथालयात साहेब येतो, केस विस्कटलेले, आणि सगळ्या बायकांना घरी जायला सांगतो. बाहेर बंदुका घेऊन माणसं उभी. संध्याकाळी मैत्रीण येऊन उलगडा करते: ज्या ज्या खात्यावर 'स्त्री' अशी नोंद आहे, ती सगळी गोठवली. पैसा आता नवऱ्याने नाहीतर जवळच्या पुरुष नातेवाइकाने वापरायचा.

आणि मग नवरा. वाईट माणूस नाही तो. तिला जवळ घेतो, धीर देतो, मी आहे, मी सांभाळीन तुला. ती रात्री जागी पडून राहते आणि तिच्या मनात येतं की याला हे फारसं खुपत नाहीये. कदाचित थोडं आवडतंयसुद्धा. कालपर्यंत दोघं एकमेकांची होती. आता ती त्याची आहे.

मी पुस्तक उलटं ठेवलं, उठले आणि कपाटातून पासबुक काढलं. बावीस वर्षं नोकरी केली मी. खातं दोघांच्या नावावर, पगार माझा, पण बँकेत मोबाइल नंबर त्याचा. म्हणजे माझ्याच पैशातले शंभर रुपये कुठे पाठवायचे तरी ओटीपी त्याच्या फोनवर. कोणी जबरदस्ती केली नव्हती. कधीतरी फॉर्म भरताना तो म्हणाला होता, "राहू दे, मी बघतो," आणि मला तेव्हा बरं वाटलं होतं. त्या रात्री मात्र काळजात चर्र झालं. दुसऱ्या दिवशी जाऊन नंबर बदलून घेतला. तो बरोबर आला, सही केली, घरी येताना बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्या कधी लक्षातच आलं नाही." मी म्हटलं, माझ्याही.

तू म्हणशील, दुकानातला तो प्रसंग कल्पनेतला. तितकासा नाही. फ्रान्समध्ये विवाहित बाईला नवऱ्याच्या परवानगीविना बँकेत खातं उघडता येऊ लागलं ते १९६५ साली. अमेरिकेत कर्ज किंवा क्रेडिट कार्ड देताना बाई आहे, लग्न झालेली आहे, म्हणून भेद करायला कायद्याने मनाई झाली ती १९७४ साली. मार्गारेट अ‍ॅटवूडचं पुस्तक १९८५चं. म्हणजे तिने भविष्य रंगवलं म्हणतात खरं, पण तिने घड्याळाचा काटा जेमतेम अकरा वर्षं मागे सरकवला. १९८४ साली पश्चिम बर्लिनमध्ये, भिंतीच्या सावलीत, ती हे लिहायला बसली तेव्हा तिने स्वतःला एक अट घातली होती: माणसांनी कुठेतरी, कधीतरी केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही. तेव्हा रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूचा १९६६चा हुकूम चालूच होता, गर्भपातावर बंदी, गर्भनिरोधकं मिळायची मारामार, आणि बायकांच्या कुशीवर सरकारची नजर. तिला शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

आता ताकदीकडे येते.

नायिकेचं नाव आठव. ऑफ्रेड. म्हणजे 'ऑफ फ्रेड', आपल्या भाषेत 'फ्रेडची'. व्याकरणाच्या तासाला आपण घोकलेली षष्ठी विभक्ती, चा-ची-चे. इथे बाईचं नाम गळून पडलंय, नुसता प्रत्यय उरलाय. रोज तिच्याबरोबर बाजाराला जाणारी ऑफग्लेन एक दिवस येत नाही. तिच्या जागी दुसरीच बाई उभी असते. ही विचारते, ऑफग्लेन कुठे आहे? ती म्हणते, मीच ऑफग्लेन. तेवढंच. एक माणूस नाहीसं झालं आणि नाव मात्र जागेवर, खुंटीला टांगलेल्या झग्यासारखं. मला त्या पानाइतकं भय कुठल्याच फाशीच्या वर्णनाने दाखवलं नाही.

नावानंतर अक्षरं जातात. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं रंगवून टाकलेली, उरली नुसती चित्रं. बायकांनी वाचायचं नाही. वाचलं तर शिक्षा. आणि मग तो कमांडर, म्हणजे तिचा मालक फ्रेड, हवा तो हुकूम सोडता येईल असा माणूस, तिला रात्री चोरून खोलीत बोलावतो. ती जीव मुठीत धरून जाते. त्याला काय हवं असतं? स्क्रॅबल खेळायचं असतं, अक्षरं जुळवून शब्द करायचा खेळ. ठोकळे हातात आल्यावर तिला ती अक्षरं पेपरमिंटच्या गोळ्यांसारखी वाटतात, तोंडात टाकावीशी. इतक्या दिवसांच्या उपासाने जीभ जड झालेली, शब्द जुळवताना अडखळते, पण जुळवते. हा प्रसंग वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बलात्काराच्या पानावर आलं नव्हतं, तिथे मी दगड झाले होते.

तू विचारलेली ताकद मला इथे दिसते. तिच्या खोलीतल्या कपाटात, तळाशी कोपऱ्यात, आधीच्या दासीने टोकदार कशाने तरी एक ओळ कोरून ठेवलीय. हिला ती भाषा येत नाही. तरी ती त्यावरून बोटं फिरवते. पुढे कळतं की ती मोडक्या लॅटिनमधली शाळकरी पोरांची थट्टा आहे, कमांडरच्याच जुन्या पुस्तकातली, आणि कोरणारीने गळफास लावून घेतला. शब्द उसने होते, पुरुषांचे होते. पण जी नंतर येईल तिच्यासाठी तिने ते ठेवून दिले आणि ते पोचले. पोचणं ही ताकद नाही तर काय?

तिथल्या आत्याबायांबद्दल तू फार रागाने लिहिलंयस, विजेचा झटका देणारं दांडकं घेऊन पोरींना वळण लावणाऱ्या. राग मलाही येतो. पण बाईने बाईला दाबायला ठेवण्याची व्यवस्था पुरुषांना किती स्वस्तात पडते बघ; थोडं छप्पर, थोडा मान, बाकीच्यांपेक्षा एक पायरी वर. २०१९ साली आलेल्या दुसऱ्या भागात, 'द टेस्टामेंट्स'मध्ये, आत्या लिडियाला वाचण्या-लिहिण्याची मुभा आहे, आणि ती एका पोकळ केलेल्या पुस्तकात लपवून आपली हकिगत लिहीत बसते. तिला माफ करावं असं मला वाटत नाही. पण राज्य पोखरायला तिला शेवटी शब्दच लागतात, हे अ‍ॅटवूडने बरोबर ओळखलंय.

एक गोष्ट मला या पुस्तकात खटकते. मालकाच्या नावाने ओळखलं जाणं, कुशीतलं मूल काढून नेलं जाणं, अक्षरओळखीला बंदी, हे सगळं अमेरिकेत गुलाम काळ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय. गुलामांना लिहायला शिकवणं हा साउथ कॅरोलिनाच्या कायद्याने १७४० सालीच गुन्हा ठरवला होता. कादंबरीत मात्र काळ्या माणसांना एका ओळीत दूर कुठेतरी हलवून टाकलंय, आणि त्यांचं दुःख एका गोऱ्या बाईच्या अंगावर चढवलंय. काहींसाठी जे भविष्यातलं भय आहे, ते दुसऱ्यांच्या पणजीची आठवण असतं. आणि आज कोणासाठी तरी ते आजचंच आहे. अफगाणिस्तानात २०२१पासून मुलींची शाळा सहावीला थांबते. डिसेंबर २०२२मध्ये विद्यापीठांची दारं बंद झाली. ऑगस्ट २०२४च्या कायद्याने बाईचा आवाजसुद्धा चारचौघांत ऐकू येऊ नये अशा गोष्टींत घातला. हे लिहितानाही माझा हात थांबतो.

तुला अ‍ॅटवूड जड गेली तर 'स्वस्तिका नाइट' बघ, १९३७चं. हिटलर जिंकल्यावर सातशे वर्षांनंतरचं जग. बायका डोकी भादरून कुंपणाआड ठेवलेल्या, मुलगा दीड वर्षाचा झाला की आईकडून काढून घेतलेला. आणि तिथे मुली जन्मायच्याच कमी होत चालल्यात. एका जुन्या फोटोत हिटलरशेजारी कोणीतरी ताठ मानेने उभं आहे, लांब केस, डोळ्यांत तेज. पाहणारा म्हणतो, काय देखणा मुलगा आहे! त्याला सांगावं लागतं की ती मुलगी आहे. त्याने जन्मात अशी बाई पाहिलेली नाही, त्यामुळे समोर असूनही त्याला ती दिसत नाही. हे पुस्तक मरे कॉन्स्टंटाइन या पुरुषाच्या नावाने आलं. लिहिणारी कॅथरीन बर्डेकिन. ती १९६३ साली गेली, आणि तिचं खरं नाव वाचकांपुढे यायला आणखी दोनेक दशकं लागली.

याचाच आरसा नेओमी अल्डरमनच्या 'द पॉवर'मध्ये आहे, २०१६च्या. तिथे पोरींच्या गळपट्टीच्या हाडाशी वीज जागी होते. तुला ते आवडेल, सुरुवातीला तर फारच. मलाही मुठी आवळून वाचावंसं वाटलं. मग बायका तेच करू लागतात जे त्यांच्याशी झालं होतं, आणि मला पुढची पानं उलटवेनात. माझ्या मते ताकदीबद्दलचं तिचं म्हणणं खरं आहे, पण तिथे ती थांबते याचं वाईट वाटतं. शेवटी, बायकांचं राज्य स्थिरावून हजारो वर्षं लोटल्यावर, एक पुरुष लेखक एका बाईला आपलं हस्तलिखित दाखवतो, आणि ती त्याला सुचवते की पुस्तक बाईच्या नावाने काढलंस तर? बर्डेकिन आठवली आणि मी बराच वेळ खिडकीशी बसून राहिले.

सुझेट हेडन एल्गिन ही भाषाशास्त्रज्ञ बाई. तिच्या 'नेटिव्ह टंग'मध्ये (१९८४) बायका हत्यार उचलत नाहीत, गुपचूप स्वतःची भाषा घडवतात, जे अनुभव आहेत पण ज्यांना शब्द नाहीत त्यांच्यासाठी. ती भाषा, लादान, एल्गिनने खरोखरच रचली. त्यातला एक शब्द आहे 'रादीदिन': म्हणायला सुट्टीचा, सणाचा दिवस, पण कामाने आणि तयारीने बाईचा असा पिट्टा पडतो की तो येऊच नये असं वाटतं. इतकी वर्षं मला जे वाटत होतं त्याला कुणीतरी नाव ठेवलं होतं, हे वाचून मी मोठ्याने तो शब्द म्हणून पाहिला.

आणि बंगालची लेखिका बेगम रोकेया. तिला आधी ठेवायला हवं होतं मी. घरात मुलींना इंग्रजी शिकवायची पद्धत नव्हती, तर थोरला भाऊ रात्री सगळे झोपल्यावर तिला शिकवायचा. त्याच इंग्रजीत तिने 'सुलतानाज ड्रीम' लिहिलं. १९०५ साली मद्रासच्या एका मासिकात आलं. पुरुष आत, पडद्यात. बायका विद्यापीठं चालवतात, सूर्याची उष्णता साठवतात, त्याच उष्णतेने चालून आलेलं सैन्य परतवतात, आणि दिवसाचं काम दोन तासांत उरकतात. नवरा दौऱ्यावरून आला, त्याने ते उभ्या उभ्याच वाचलं आणि उद्गारला की भयंकर सूड आहे हा. गोष्ट लिहून ती थांबली नाही. तो गेल्यावर त्याच्याच नावाने तिने मुलींची शाळा काढली, आधी १९०९ साली भागलपूरला, मग १९११ साली कलकत्त्यात, मूठभर मुली घेऊन. त्या मुलींना तिने काय दिलं? अक्षरं.

म्हणून म्हणते, 'द हँडमेड्स टेल'मध्ये तू थांबलीस तिथून पुढे जा. शेवटची पानं सोडू नकोस. तिथे २१९५ साल आहे, ते राज्य कधीच पडलंय, आणि ऑफ्रेडने आपली हकिगत सांगून ठेवलेल्या कॅसेट सापडल्यात, त्यांवर एक प्राध्यापक भाषण देतोय. तिच्या जिवावर विनोद करतो, श्रोते हसतात. तिच्या आवाजात सगळं ऐकूनही त्याला कुतूहल कमांडर कोण होता याचंच. तिचं खरं नाव त्याला सापडत नाही. मला ते पान सगळ्यात लागलं, कारण तिथे कोणी दुष्ट नाही.

या पत्रासोबत माझी रोकेयाची प्रत पाठवते आहे. छोटी आहे, एका बैठकीत होईल. कडेला पेन्सिलीने मी कुठे कुठे लिहिलंय, ते वाच. तुझंही लिही, आणि पुस्तक परत करताना खोडू नकोस.

तुझीच,
मी