चि. सायलीस, पिस्तुलाबद्दल

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

रात्री तू पाठवलेले फोटो मिळाले. ट्रिगर हलका करायला तू पिस्तूल उघडून आतला भाग पॉलिशरने घासलास, हलकी स्प्रिंग घातलीस आणि आता ते बिघडलंय, एवढं कळलं. फोनवर तुझा आवाज भरून आला होता, म्हणून तेव्हा फार बोललो नाही. सकाळी फोटो मोठे करून नीट पाहिले आणि मग लिहायला बसलो.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण बाकीचं पत्र उद्या वाचलंस तरी चालेल. त्या पिस्तुलात आता एकही गोळी घालायची नाही. "चालतंय का बघू" म्हणून नाही, रेंजवर कुणी नसताना नाही, मॅगझिनमध्ये एकच भरूनही नाही. आर्मरर, म्हणजे शस्त्रं तपासून दुरुस्त करणारा, हातात घेऊन "ठीक आहे" म्हणेपर्यंत ते पिस्तूल पेटीत कुलुपात राहील.

आता फोटोंकडे येतो. सिअरचा, म्हणजे हॅमर अडवून धरणाऱ्या छोट्या भागाचा, जो जवळून काढलेला फोटो आहे, त्यात त्याची कड एका बाजूला चकचकीत आणि गोलसर झालीय. दुसऱ्या बाजूला अजून कारखान्यातला करडा रंग तसाच आहे. म्हणजे पॉलिशर तिरका चालला आणि एकाच टोकाचं लोखंड गेलं. जन्मभर टूलरूममध्ये काम केल्यामुळे अशी कड मला लांबूनही ओळखू येते. ती हॅमरच्या खाचेत पूर्ण रुंदीने बसायला हवी. तुझी आता एका कोपऱ्यावर टेकतेय.

तो सिअर काय करतो हे तुला माहीत आहे, तरी लिहितो. फायरिंग पिनवर आपटून गोळी उडवतो तो हॅमर. तो मागे ओढला की स्प्रिंग त्याला सतत पुढे रेटत असते. त्याला थोपवून धरतो तो सिअर. अनेक पिस्तुलांत या दोघांची पकड जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते. ट्रिगर दाबला की ती पकड सरकते आणि हॅमर सुटतो. ट्रिगर म्हणजे गोळी उडवायचं बटण, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ती दाराची कडी आहे. पिस्तूल भरलेलं असूनही उडत नाही ते या कडीच्या जोरावर. कडी घासून हलकी केली की दार बोटानेही उघडतं आणि वाऱ्यानेही.

तू लिहिलंस की स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, सोडली की हॅमर आपोआप खाली पडतो. मॅगझिनमध्ये गोळ्या असत्या तर काय झालं असतं बघ. स्लाइड पुढे येताना काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या त्याच्या जागेत, ढकलते, त्याच क्षणी हॅमर पडतो आणि तुझं बोट ट्रिगरच्या बाहेर असतानाही गोळी सुटू शकते. त्या धक्क्याने स्लाइड पुन्हा मागे जाते, पुन्हा तेच. मॅगझिन रिकामं होईपर्यंत हे थांबेलच असं नाही. तू जोडणी झाल्यावर मॅगझिन बाजूला ठेवून, चेंबर दोनदा पाहून, नळी सुरक्षित दिशेला धरूनच तपासलंस. हे वाचलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. शिस्त अंगात होती म्हणून आज आपण फक्त एका बिघडलेल्या सुट्या भागाबद्दल बोलतोय.

मात्र तो हॅमर पुन्हा पुन्हा रिकामा पाडून बघू नकोस. तुझ्यासारख्या .२२ कॅलिबरच्या पिस्तुलात काडतुसाला फायरिंग पिनचा मार कडेवर बसतो, त्यामुळे बऱ्याच .२२ पिस्तुलांत रिकाम्या चेंबरवर फायरिंग पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथे खळगा पडतो. एक भाग गेलाय, दुसरा नको.

"थोडं अजून घासून सरळ करते" असं तू शेवटी लिहिलंयस, ते मात्र अजिबात करू नकोस. या भागांना अनेकदा वरून कडक केलेलं असतं. तो कडक थर मिलिमीटरच्या काही दशांशांचा, आणि आत लोखंड मऊ. थर गेला की पहिल्या दिवशी ट्रिगर छान लागतो, लोण्यासारखा, आणि माणूस खूश होतो. मग प्रत्येक गोळीबरोबर मऊ लोखंड झिजत जातं, पकड बदलत जाते आणि एखाद्या दिवशी कड पुरती सुटते. शिवाय मोटरच्या पॉलिशरने एवढीशी कड क्षणात तापते, आणि तापलेल्या पोलादाचा कडकपणा उतरतो. गेलेलं लोखंड परत येत नाही. तो सिअर संपला, असं धरून चाल. हॅमरची खाचही घासली असशील तर दोन्ही जोडीनेच बदलावे लागतील, कारण ते एकमेकांवर बसवलेले असतात.

मला जास्त काळजी वाटतेय ती दुसऱ्या फोटोची. सिअर ज्या पिनवर बसतो ती बाहेर काढताना पंच, म्हणजे पिन ठोकायची सळई, घसरला आणि फ्रेमच्या भोकाच्या काठावर अर्धचंद्राएवढा दाब उमटलाय. पिन एका बाजूने निघते आणि दुसऱ्या बाजूने बसते, हे दर वेळी वरून दिसत नाही. उलट्या बाजूने ठोकली की भोकच पसरतं. सिअर बदलता येतो, स्प्रिंग बदलता येते. फ्रेमवर नंबर असतो, आणि अनेक ठिकाणी कायद्याच्या दृष्टीने फ्रेम म्हणजेच शस्त्र. त्या भोकात पिन सैल बसत असेल तर सिअर नवा घालूनही पकड डळमळत राहील. भोक किती बिघडलंय हे फोटोवरून मी सांगू शकत नाही, मोजूनच कळेल. तिथे तू काहीही लावू नकोस. गोंद, पंचचा टोला, जाडी पिन, काहीही नाही.

हे सगळं तू का केलंस ते मला कळतं. तीन सेकंदांच्या सिरीजमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या फेरीत, हात ४५ अंशांतून वर येतो, टार्गेट समोर येतं, आणि गोळी त्या तीन सेकंदांतच जायला हवी. तिथे ट्रिगर खरखरला की हात हलतो आणि गोळी खाली डावीकडे जाते. तू महिनाभर तेच सांगत होतीस. पण नियमाप्रमाणे २५ मीटर पिस्तुलाचा ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा लागतोच. पिस्तूल उभं धरून ट्रिगरला वजन टांगतात आणि ते उचललं गेलं पाहिजे. १० मीटर एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम चालतात, म्हणून तिकडून आलेल्या बोटाला इकडचा ट्रिगर जड लागतो. तू कितीही घासलंस तरी त्या १००० च्या खाली जाऊन स्पर्धा खेळता येणार नव्हती. सामन्यानंतरच्या तपासणीत वजन कमी भरलं तर केलेला स्कोअरही जातो. मग हाती काय लागलं असतं?

आणि तुला जी खरखर लागत होती ती वजनाची नव्हतीच, असं मला ठामपणे वाटतं. .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. ते, शिशाचे कण आणि जळालेल्या दारूची काजळी मिळून जो चिकट थर बनतो तो ट्रिगरच्या यंत्रणेपर्यंत पोचतो. तुझ्या तिसऱ्या फोटोत डिस्कनेक्टरच्या, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर ट्रिगर आणि सिअर यांचा संबंध तोडणाऱ्या भागाच्या, खाली तो काळा थर स्पष्ट दिसतोय. साफ करून, योग्य ठिकाणी तेलाचा एक थेंब देऊन आधी बघायला हवं होतं. त्यानंतरही समाधान झालं नसतं तर कारखान्याने दिलेले स्क्रू आहेत. वजन, पहिल्या टप्प्याची चाल, गोळी सुटल्यावर ट्रिगर कुठे थांबावा, हे सगळं त्यांच्यावर ठरतं, आणि ते किती फिरवायचे हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. स्क्रू उलटा फिरवून पूर्वीच्या जागी येतो.

तू विचारलंयस की सरांना, तुझ्या प्रशिक्षकांना, सांगायलाच हवं का. हो, आजच सांग. तुझा संकोच मला समजतो. स्पर्धेसाठीची निवड जवळ आलीय आणि तू त्यांच्या भरवशाची मुलगी आहेस. पण ते पिस्तूल क्लबच्या कपाटात ठेवलं जातं. उद्या कुणी चांगल्या मनाने म्हणेल, "सायलीचं पिस्तूल आहे, दोन सिरीज मारून बघ." त्या मुलाला किंवा मुलीला काय माहीत असणार? बिघडलेलं शस्त्र ज्याला माहीत नाही त्याच्या हातात पडणं, यापेक्षा तुझं दोन दिवस तोंड उतरलेलं असणं मला कितीतरी परवडतं. सर रागावतील. रागावू देत. त्यांना काय विकत घेतलं, कुठली स्प्रिंग बदलली, कुठे किती घासलं, सगळं सांग. अर्धं सांगितलंस तर आर्मरर अर्धंच तपासेल.

त्या हलक्या स्प्रिंगचंही सांगायला विसरू नकोस. हॅमरची स्प्रिंग हलकी केली की फायरिंग पिनचा मार कमी पडतो आणि गोळी कधी उडते, कधी नाही. न उडालेली गोळी रेंजवर हाताळणं किती नाजूक असतं ते तुला शिकवलेलंच आहे.

आज एवढं कर. पिस्तूल रिकामं असल्याची पुन्हा खात्री करून चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, ती चेंबर रिकामं असल्याचं दाखवणारी खूण, घाल. आहे त्या अवस्थेत राहू दे, सुटं असेल तर सुटंच. जुने भाग, नवे भाग, उडालेली ती छोटी स्प्रिंग सापडली तर ती, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत घालून प्रत्येकीवर लिही. पेटीवर कागद चिकटव: "बिघडलेलं, गोळी भरू नये." पिस्तूल ज्या नियमाने न्यायचं त्याच नियमाने आर्मररकडे ने, शक्यतो सरांबरोबर.

खर्चाचं मी बघतो, त्याचा विचार करत रात्र जागवू नकोस. निवडीसाठी क्लबचं पिस्तूल मागून घे. त्याची मूठ तुझ्या हाताला थोडी मोठी होईल, पण ट्रिगर नियमातला आणि तपासलेला आहे. पहिले दोन दिवस गोळ्या न मारता फक्त त्या ट्रिगरचा पहिला टप्पा कुठे संपतो ते बोटाला ओळखू दे. त्यासाठी चेंबरमध्ये डमी काडतूस घालायला विसरू नकोस.

लहानपणी तू घड्याळं, रेडिओ, माझा मल्टिमीटर, सगळं उघडून बघायचीस. ती सवय मला फार आवडायची, अजूनही आवडते. आर्मरर पिस्तूल उघडेल तेव्हा शेजारी उभी राहा, त्याला हवे तितके प्रश्न विचार. तो पिन कुठल्या बाजूने काढतो ते नीट बघ.

आईला मी सगळं सांगितलंय. ती ओरडणार नाही, पण संध्याकाळी तिला फोन कर. आणि आर्मररने फ्रेमचं भोक मोजलं की आकडा मला कळव.

तुझे,
बाबा