मासा सोडायचाच असेल, तर जगेल असा सोडा

महोदय,

भरतीची वेळ साधून बेलापूर, वाशी, ऐरोलीकडच्या खाडीकाठावर रॉड घेऊन उभी असलेली तरुण मंडळी हल्ली दिसतात. काहींनी फ्लाय फिशिंगही सुरू केले आहे. गळावर पिसे-केस बांधून खोटे आमिष, म्हणजे ‘फ्लाय’, करायचे, मासा लागला की फोटो काढायचा आणि त्याला परत खाडीत सोडायचे. हेतू चांगलाच आहे, पण पोहत गेलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही.

जिताड्याचेच घ्या. हा मासा आधी नर असतो आणि पुढे मादी होतो. साधारण ८० सेंटिमीटरच्या पुढचे बहुतेक जिताडे माद्याच असतात. एकेक मोठी मादी लाखो अंडी घालते. म्हणजे फोटोसाठी सर्वांना हवा असतो तोच मासा खाडीला सर्वांत जास्त हवा आहे. त्याला जबड्याला धरून उभा लटकवला, तर त्याचेच वजन त्याच्या जबड्यावर आणि मणक्यावर येते. दोन्ही हातांनी, पोटाखाली आधार देऊन आडवा धरावा. हात आधी ओले करावेत. कोरड्या हाताने किंवा टॉवेलने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि रोगजंतूंपासून त्याचे रक्षण करतो तो हाच थर. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. खरे तर पाण्याबाहेर काढायचीच गरज नसते.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला की गळ चटकन सुटतो. फ्लाय बहुधा ओठातच लागते, हा तिचा मोठा फायदा. जिवंत कोळंबी लावणाऱ्यांचा गळ मात्र मासा पार गिळतो. तेव्हा ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापावी. बारीक दोरीवर मासा तासन्‌तास खेळवण्यात कसली मर्दुमकी? एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला मासा सावरतच नाही. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरावे आणि शेपटीचा जोर आला की हात काढावा.

कल्ल्यातून रक्त वाहणारा मासा सोडून पुण्य लागत नाही. घरी न्यावा, कालवण करावे.

हे सारे दिवाळे किंवा सारसोळे गावांतल्या कोळी बांधवांसाठी नाही. त्यांचे पोट या खाडीवर आहे, आमची फक्त हौस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत हौशी लोकांनीही रॉड गुंडाळून ठेवला तर काय बिघडेल? आणि फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत रॉड घेऊन शिरूच नये.

आपल्या पुरवणीसाठी वाचक माशांची छायाचित्रे पाठवतात. मासा उभा टांगलेला असेल, तर कृपया ते छापू नका.

— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई