नरसाळेवाल्या मामांना

मामा,
स. न. वि. वि.

समारोपाच्या दिवशी मी माईकसमोर उभी राहून कुलगुरूंपासून गाद्या भाड्याने देणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. तुम्ही मात्र 'ज्ञात-अज्ञात सहकारी' या दोन शब्दांत गेलात. खाली येऊन बसले आणि समोर भिंतीला टेकवलेली सहा नरसाळी दिसली, तेव्हा जीव चरकला. म्हणून हे जाहीर पत्र. तुम्ही मोबाईलवर भजनांपलीकडे काही उघडत नाही हे मला माहीत आहे, पण नात वाचून दाखवेल.

इतर वाचणाऱ्यांसाठी जरा मागचं सांगते. मे महिन्यात आम्ही एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या तीस मुलामुलींसाठी रेडिओ खगोलशास्त्राची दोन आठवड्यांची उन्हाळी शाळा घेतली. कुणी तेजपूरहून आलं, कुणी कोळिकोडहून, तिघं तर आपल्या नांदेडचे. सकाळी व्याख्यानं, दुपारी संगणकावर गणितं, रात्री गच्ची. नुसती गणितं करून मुलांना झोप येते, हे मी स्वतःच्या विद्यार्थिदशेवरून सांगू शकते. त्यामुळे पाचपाच जणांच्या प्रत्येक गटाने स्वतःच्या अँटेनाने आकाशगंगेतला हायड्रोजन 'ऐकायचा', असं ठरवलं होतं. हायड्रोजनच्या अणूतून २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर निघते, १४२०.४ मेगाहर्ट्झला. एकेका अणूकडून ती निघायला सरासरी कोटीभर वर्षं लागतात, पण आकाशगंगेत अणूच इतके आहेत की अँटेना म्हणून पत्र्याचं एक नरसाळं, एक प्रवर्धक (म्हणजे ॲम्प्लिफायर) आणि टीव्हीसाठी मिळतो तसला स्वस्त डोंगल एवढ्या सामानावर ती पकडता येते.

प्रवर्धक आले, डोंगल आले. नरसाळी कोण करून देणार? एका कारखान्याने पन्नास नगांखाली बोलायचंच नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्याने सांगितलेला भाव ऐकून मी फोन कुठे ठेवला ते मलाच आठवेना. मग कुणीतरी म्हणालं, रविवार पेठेत जा, कूलरचे डक्ट करणारे एक मामा आहेत.

आमच्या ड्रॉइंगवर नरसाळ्याच्या तळाच्या डब्याची रुंदी १६५.१ मिलिमीटर लिहिली होती. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वाचलंत, टेप काढली आणि म्हणालात, "साडेसहा इंच सांगा की सरळ." मी वरमले. ते माप खरंच मुळात साडेसहा इंचाचंच आहे. असला डबा म्हणजे वेव्हगाइड, रेडिओ लहरी वाहून नेणारी पत्र्याची नळी. तिची ही मापं इंचात ठरली आणि मिलिमीटर आम्ही नंतर चिकटवले. नंतरचं सगळं बोलणं इंचात आणि सुतात झालं.

मग तुम्ही पत्र्याला हात न लावता आतून मिठाईच्या खोक्यांचा पुठ्ठा आणलात. मला घाई होती, शाळा बारा दिवसांवर आली होती. "मामा, थेट पत्राच कापा ना," असं मी दोनदा म्हटलं. तुम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं करून चार पाकळ्या कापल्यात, कडेला कड लावलीत आणि माझ्यासमोर धरलीत. अर्ध्या इंचाचा फरक. एक कड लांब, एक आखूड.

"मॅडम, तुम्ही उंची धरलीय. उतार नाही धरला."

ड्रॉइंग माझ्या विद्यार्थ्याने केलं होतं, तपासलं मी होतं, आणि खाली सही माझी होती. नरसाळ्याची उभी उंची ७० सेंटिमीटर, म्हणून चारही पाकळ्या ७० सेंटिमीटरच्या काढलेल्या. पाकळी तिरकी बसते, ती लांब हवी. शिवाय तोंड चौरस नसल्यामुळे समोरासमोरच्या दोन जोड्यांची लांबी वेगळी हवी, एकीची साधारण ७४.६ आणि दुसरीची ७५.९. पायथागोरसचं गणित, शाळेतलं! तसाच पत्रा कापला असता तर २४ गेजच्या चोवीस पाकळ्या भंगारात गेल्या असत्या आणि नवा पत्रा घ्यायला आमच्याकडे ना पैसे होते, ना दिवस. तुम्ही हसलासुद्धा नाहीत. पेन्सिलीने नवी रेघ मारलीत आणि चहा सांगितलात.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी लिहायला बसले. आभारापेक्षा कबुलीजबाबच आहे हा.

नरसाळी घ्यायला आले तेव्हा प्रत्येकाच्या तळपत्र्यात, अगदी कोपऱ्यात, एक बारीक भोक दिसलं. ते ड्रॉइंगमध्ये नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तोंड वर करून ठेवणार ना? पाणी साचेल." मी मान डोलावली, आणि विभागात परत आल्यावर पहिल्या नरसाळ्याच्या भोकावर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवून घेतली. भोकातून लहर निसटेल, असं मनात आलं. पाच नरसाळ्यांवर पट्टी लागली नाही, कारण पट्टीचं रीळ संपलं. नशीब.

आठव्या दिवशी चारच्या सुमारास वळीव आला. धुळीचा लोट, मग टपोरे थेंब, मग गारा. सगळे लॅपटॉप उचलून जिन्याकडे धावले. आभाळाकडे तोंड केलेली नरसाळी तशीच राहिली. पाऊण तासाने वर गेलो तर पाच नरसाळी निथळून रिकामी, आणि पट्टीवालं वीतभर भरलेलं, वर दोन गारा तरंगत होत्या. त्याच्या जोडणीतून पाणी प्रवर्धकात गेलं होतं. तो गेलाच.

लाज याची वाटते की यातलं भौतिकशास्त्र मी दरवर्षी शिकवते. २१ सेंटिमीटरच्या लहरीला दोन सुतांचं, म्हणजे पाव इंचाचं, भोक दिसतसुद्धा नाही, आणि तळपत्र्याच्या त्या कोपऱ्यात विद्युतप्रवाह जवळजवळ नसतोच. तुम्ही नेमकी सगळ्यात निरुपद्रवी जागा निवडलीत. दोन दिवसांनी मुलांना घेऊन नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण बघायला गेलो. तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि तबकडी म्हणजे नुसती तारेची जाळी, आरपार आभाळ दिसणारी. जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. पत्रा भरला असता तर वजन आणि वारा पेलायला केवढा सांगाडा लागला असता. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाळी ताणून ते टाळलं. तेजपूरची मुलगी वर बघत म्हणाली, "मॅम, मामाजीवाला होल!" सगळे हसले. मीही हसले, जरा उशिराने.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं. ही लहर पहिल्यांदा पकडली ती १९५१ साली हार्वर्डमध्ये, इवेन आणि पर्सेल या दोघांनी. अँटेना नरसाळंच, लाकडाचं, आतून तांबं लावलेलं, प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर तोंड काढून बसवलेलं. पाऊस आला की पाणी थेट खोलीत यायचं, आणि खालून जाणारी मुलं त्यात बर्फाचे गोळे मारायची. त्यांना तुमच्यासारखे मामा भेटले नव्हते.

तुम्ही पहाटे पाचला फिरायला निघता तसे एकदा आमच्या गच्चीवर आला होतात. आकाशगंगेच्या पट्ट्यातला हंस तारकासमूह डोक्यावर आला होता, पोरं रात्रभर जागी. तुम्ही विचारलंत, "आवाज येतो का?" "नाही मामा, रेघ येते." "सरळ?" "मध्ये फुगते." तुम्ही पडद्याजवळ वाकून हायड्रोजनचा तो उंचवटा पाहिलात आणि म्हणालात, "फुगली ना? मग झालं." नांदेडच्या पोराने ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

पैशांबद्दल. तीन कोटेशनं हवीत, पक्कं बिल हवं, मग सही करणारे रजेवर, असं करत तुमचे पैसे नऊ आठवड्यांनी मिळाले. बाहेरगावच्या व्याख्यात्यांचं विमानभाडं त्याआधी निघालं होतं. तुम्ही दर वेळी "येतील हो" म्हणालात, त्याने मला जास्तच ओशाळायला झालं. पुढच्या वर्षी निम्मी रक्कम आगाऊ, तसं लेखी मंजूर करून घेतलंय. पुठ्ठ्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, त्यावरून वाद घालायला मी येणार आहे.

पहिल्या नरसाळ्यावरची पट्टी काढून टाकली. पुढच्या वर्षी आठ लागतील. ड्रॉइंग इंचात देईन, भोकासकट. आणि तुमची छोटी कातर कधीची आमच्याच टेबलावर पडली आहे. शनिवारी दुकान उघडं असेल ना? आणून देते.

तुमची,
ड्रॉइंगवर सही करणारी मॅडम