आठवण: छोट्या कथा-कविता रविवारपर्यंत

मंडळी, इतिहास, लोककथा नाहीतर एखादी जागा यावरची कथा (१०० शब्दांच्या आत) किंवा कविता (१२ ओळी) रविवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका. मागच्या वेळी बऱ्याच जणांनी अख्खी लढाई बसवली आणि माणूस कुठे दिसलाच नाही, म्हणून सांगते, एकच वस्तू धरा. इ.स. ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा जवळच्या पॉम्पेई शहरातल्या एका भट्टीत पाव राहून गेले, ८१ पाव, पार कोळसा झालेत पण वरच्या फोडींच्या खुणा अजून दिसतात, मला तर ते आत सरकवणारे हातच दिसतात, कथा तिथंच आहे! लोककथा घेतलीत तर नुसती परत सांगू नका, त्यातलं गप्प बसलेलं पात्र बोलू द्या. आणि खरी घटना असेल तर साल तपासून घ्या प्लीज.