युक्तिवादातली फट आधी मराठीतून दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी थोरली मुलगी यंदा दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे आणि डिसेंबरात क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा देणार आहे. सातवीपर्यंत ती बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकली. मी बावीस वर्षे बाँड रायटर म्हणून, म्हणजे लोकांचे दस्त लिहून देण्याचं काम करतो. रात्री जेवणं झाली की तिच्या सरावाच्या पेपरांना मीही बसतो. इंग्रजी अडलं की तीच मला अर्थ सांगते.

पेपर इंग्रजीतूनच असतो. दोन तास, 120 प्रश्न. चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. पाठांतरावर भागेल असे प्रश्न 2020 पासून जवळजवळ गेले, आता उतारा वाचायचा आणि त्यावरची उत्तरं द्यायची. त्यात हा प्रश्न वारंवार येतो: खालीलपैकी कोणत्या विधानामुळे लेखकाचा युक्तिवाद सर्वांत कमकुवत होतो? पोरीचे पाव-पाव गुण सगळ्यात जास्त इथंच जात होते.

इंग्रजी कच्चं म्हणून जातात असं मी धरून चाललो होतो. खात्री करावी म्हणून एका रात्री मीच एक युक्तिवाद मराठीत रचून दिला. 'गावातल्या मराठी शाळेचा पट दहा वर्षांत 84 वरून 31 वर आला. म्हणजे गावाला आता मराठी नको झाली आहे.' खाली दोन पर्याय लिहिले. पहिला: या भागातल्या लोकांनी 1956 पासून मराठीसाठी लढा दिला आहे. दुसरा: त्याच गावातल्या कन्नड शाळेचा पटही त्याच दहा वर्षांत तेवढ्याच प्रमाणात घटला.

तिनं क्षणात पहिल्यावर खूण केली. तिच्या वयात मीही तीच केली असती. आमच्या घरात माझ्या वडिलांपासून सीमाप्रश्नाचीच बोलणी चालत आली आहेत. पण दावा 'आता'चा आहे, आणि लोक पूर्वी लढले एवढ्यानं आजच्याबद्दल काही सिद्ध होत नाही. दुसरा पर्याय मात्र थेट मुळाशी जातो. दोन्ही शाळांचा पट सारखाच घटला असेल, तर गावात मुलंच कमी झाली असतील, कुटुंबं कामासाठी गोव्याला, पुण्याला गेली असतील. पट घटण्याचं कारण मराठीची नावड हेच, असं बोलणाऱ्यानं गृहीत धरलं होतं, आणि ते गृहीत त्यानं कुठं बोलूनही दाखवलं नव्हतं. फट तिथं होती. 84 आणि 31 हे आकडे खरेच राहतात, कदाचित निष्कर्षही खरा निघेल. पण या आकड्यांच्या जोरावर तो काढता येत नाही. हे पोरीच्या डोक्यात शिरायला अर्धा तास लागला. इंग्रजीचा त्यात काही संबंध नव्हता.

हेच मी कोर्टात पाहिलं आहे. पक्षकारांबरोबर तारखांना जावं लागतं, म्हणून उलटतपासण्या पुष्कळ ऐकल्या. बांधाच्या एका वादात साक्षीदार ठामपणे सांगत होता, मी विहिरीवर उभा होतो, तिथून बांध फोडताना पाहिलं. समोरचे वकील म्हातारे होते. खोटं बोलतोस, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मधल्या रानात काय होतं, एवढंच विचारलं. ऊस होता. केवढा? साक्षीदारानं हात डोक्याच्या वर नेला आणि तसाच थांबला. विहीर खरी होती, बांधही फुटलेला होता. विहिरीवरून बांध दिसतो, हे मधलं कुणी तपासलंच नव्हतं.

मुलीला शहरातल्या एका क्लासला घातलं होतं. तिथं युक्ती शिकवली, पर्यायात 'काही' किंवा 'कधीकधी' दिसलं की खोडून टाका, असली विधानं दुबळी असतात. हे अर्धवट शिकवणं आहे, आणि त्याचा मला राग येतो, कारण फी भरून पोरं चुकीची सवय लावून घेतात. 'नवं बियाणं पेरणाऱ्या एकाही शेतकऱ्याला तोटा झाला नाही' असा दावा असेल, तर 'काही शेतकऱ्यांना तोटा झाला' एवढंच विधान तो पुरता मोडतं. दावा केवढा मोठा आहे हे आधी पाहायचं, पर्यायातला शब्द नंतर.

आपल्या शाळांतून वक्तृत्व स्पर्धा होतात, पोरं छान बोलतात, टाळ्या पडतात. समोरचा काय गृहीत धरून बोलतोय हे ऐकायला मात्र आपण शिकवत नाही. आणि बोलणं आपल्याच बाजूचं असेल तर मुळीच नाही. आठवी-नववीतच हे मराठीतून सुरू करावं, अशी माझी सर्व मराठी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. पुढं तोच प्रश्न इंग्रजीत आला तर मुलाला फक्त भाषेशी झगडावं लागेल.

पालकांसाठी आणखी एक. बेंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात कर्नाटकात किमान दहा वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी 25 टक्के आरक्षण आहे. मातृभाषा मराठी असली तरी आपली इथं शिकलेली पोरं त्यात बसतात. हे मी ज्या ज्या घरी सांगितलं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. महाराष्ट्राची लॉ सीईटी, म्हणजे तिथली कायद्याची प्रवेश परीक्षा, मराठीतूनही देता येते आणि तिथं चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तीही वाट आहे. पण युक्तिवाद तपासायची सवय दोन्हीकडे लागतेच.

आपल्याकडे एवढंच मागणं आहे, की आठवड्यातून एकदा शैक्षणिक पानावर चार-पाच ओळींचा एक मराठी युक्तिवाद आणि चार पर्याय छापावेत; उत्तर, आणि ते का, हे पुढच्या आठवड्यात. ऊस, भात, तंबाखू, एसटीच्या फेऱ्या, पाणीपट्टी, विषयांना तोटा नाही. पहिले दहा मी लिहून ठेवले आहेत. आपण कळवाल त्या दिवशी बेळगावला येऊन कार्यालयात देतो.

आपला,
एक बाँड रायटर, खानापूर